औषध सांगितले म्हणून गुण जात नाही

आपल्या खेड्यापाड्यांतून एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. औषध सांगितले की त्याचा गुण जातो, ही ती समजूत. काविळीवर पाला देणारा, सर्पदंशावर मुळी उगाळून लावणारा, तान्ह्या मुलाच्या पोटदुखीवर काढा करून देणारा गावठी वैद्य बहुधा पैसा घेत नसे. नारळ, विडा, फार तर सुपलीभर तांदूळ एवढ्यावर तो संतुष्ट असे. पण पाला कोणत्या झाडाचा, असे विचारले की तो हसून विषय बदलीत असे. पहाटे कोणी पाहत नसताना रानात जावे, पाला ओळखू येणार नाही इतका बारीक वाटावा आणि मगच तो रोग्याच्या हाती द्यावा, अशी त्याची रीत. मृत्यू समीप आला म्हणजे ते नाव घरातल्या एखाद्या मुलाच्या कानी घालायचे. तो मुलगा नोकरीधंद्यानिमित्त मुंबईत किंवा आखातात असला, तर ती विद्या वैद्याच्या चितेबरोबर जळून जायची. अशा किती विद्या गेल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

या गुप्ततेने दोन प्रकारची हानी झाली. जे औषध खरोखर गुणकारी होते ते नाहीसे झाले, आणि ज्याला काडीचाही गुण नव्हता ते कधी तपासलेच गेले नाही. सर्पदंशाची मुळी उगाळण्यात जो वेळ गेला त्या वेळात प्रतिविषाची सुई टोचली असती तर जो वाचला असता, त्याच्या घरच्यांनी दैवाला बोल लावला. मुळीला कोणी लावला नाही. झाकलेली विद्या खरी की खोटी, हे विद्या झाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ही गोष्ट केवळ गावठी वैद्यापुरती असती तर तीवर अग्रलेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राने, आपल्या सर्व प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांसह, नेमकी हीच रीत वेगळ्या नावाने चालविली आहे, आणि तिची किंमत माणसे प्राणांनी चुकवीत आहेत.

गोमंतकाला हा विषय परका नाही. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातील छापखान्यातून गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ बाहेर पडला. हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधी द्रव्ये यांची माहिती त्याने इथल्या हिंदू आणि मुसलमान वैद्यांकडून मिळविली होती, आणि विद्वानांच्या लॅटिनऐवजी ती पोर्तुगीज बोलीत, दोघांच्या संवादाच्या रूपाने मांडली होती. चारच वर्षांत, १५६७ मध्ये, क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि गोव्याच्या बाजारपेठेतील ज्ञान युरोपभर झाले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. बारा वर्षांनी धर्मसमीक्षण संस्थेने, म्हणजे इन्क्विझिशनने, त्याची हाडे उकरून जाळली. हाडे जळाली, ग्रंथ मात्र छापला गेला होता, म्हणून तो राहिला.

दुसरे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. कोचीच्या डच गव्हर्नराने सिद्ध करविलेल्या 'हॉर्टुस मलबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथाचे प्रकाशन १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला झाले. त्यातील ज्ञान इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोकणी वैद्यांचे. मूळ गोमंतकातून परागंदा झालेल्या समाजातील या तिघांची कोकणी भाषेतील, देवनागरी लिपीतील साक्ष पहिल्या खंडात छापलेली आजही पाहावयास मिळते. त्यांनी विद्या हातची राखली नाही. पण ग्रंथ लॅटिनमध्ये निघाला, आणि ज्यांच्या पूर्वजांनी ती माहिती दिली त्यांना तो तीनशे वर्षांहून अधिक काळ वाचता आला नाही. प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक दशके वेचून केलेले इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते दार उघडले. दार उघडे असले तरी उंबरठा भाषेचा असू शकतो, हे यातून घ्यावयाचे. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

विद्या उघड केली तर ती परका पळवील, ही भीती मात्र अगदीच अनाठायी नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याच्या 'शोधा'चे पेटंट मिळाले. बोट कापले की हळद दाबणाऱ्या आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराचा हा अपमान होता. त्याविरुद्ध उभी राहिली ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, आणि तिचे महासंचालक होते आपल्याच माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील आणि छापील नियतकालिकांतील बत्तीस आधार पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हळद वाचली ती गुप्त होती म्हणून नव्हे. ती लिहिलेली आणि छापलेली होती म्हणून. ज्या वैद्याने आपला पाला कोणाला सांगितला नाही, त्याच्या पाल्यावर उद्या कोणी पेटंट घेतले तर न्यायालयात दाखवावयास कागदाचा कपटाही मिळणार नाही. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ झाला, हे उत्तम झाले. परंतु त्याचे दार प्रदीर्घ काळ पेटंट कार्यालयांपुरतेच उघडे राहिले, आणि २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इतरांना प्रवेश देण्याचे ठरविले तेही वर्गणी आकारून. आजीबाईच्या बटव्याला तिकीट लागावे, हे आम्हाला रुचलेले नाही.

आता आधुनिक वैद्यकाकडे वळू. रोगावर संशोधन होते ते बहुतांशी सरकारी पैशाने, म्हणजे जनतेच्या पैशाने. रोगी आपले शरीर त्यासाठी देतो. संशोधक निबंध लिहितो, त्याचा मोबदला प्रकाशकाकडून त्याला मिळत नाही. दुसरे तज्ज्ञ तो तपासतात, तेही सामान्यतः विनामूल्य. आणि मग तो निबंध एखाद्या परदेशी प्रकाशन संस्थेच्या मालकीचा होऊन बसतो व एका लेखाच्या वाचनासाठी तीस-चाळीस डॉलर, म्हणजे आपले अडीच ते साडेतीन हजार रुपये, मागितले जातात. ज्याने जमीन दिली, बी दिले आणि राबणूकही केली, त्यालाच आपल्या शेतातला भात विकत घ्यावा लागावा, असा हा व्यवहार आहे.

यात काय पणाला लागलेले असते, ते आफ्रिकेतील लायबेरिया या देशाने दाखवून दिले. तिथे २०१४ मध्ये इबोलाची साथ आली. हा रोग आपल्या भागात नाहीच, अशा समजुतीत तिथले आरोग्यखाते होते. साथीत त्या एका लहानशा देशात ४,८००हून अधिक माणसे मेली. पुढे २०१५ मध्ये तिथल्या आरोग्याधिकाऱ्यांच्या हाती १९८२ साली एका युरोपीय नियतकालिकात आलेला निबंध लागला. लायबेरियाची गणना इबोलाच्या प्रदेशात केली पाहिजे आणि तिथल्या दवाखान्यांनी या रोगाचा संशय मनात ठेवला पाहिजे, असा स्पष्ट इशारा त्यात बत्तीस वर्षांपूर्वीच दिलेला होता. रक्त लायबेरियन माणसांचे तपासलेले, निबंध लिहिणारे युरोपीय, आणि तो वाचण्याचे मोल पंचेचाळीस डॉलर, म्हणजे तिथल्या डॉक्टराचा सुमारे अर्ध्या आठवड्याचा पगार. निबंध आधी वाचला गेला असता तर साथ आलीच नसती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पहिल्या रोग्याला हाताळणाऱ्या परिचारिकेने हातमोजे घातले असते, एवढे तरी म्हणता येते. साथीच्या रोगात तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आपल्याकडे काय आहे? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके ६,३००हून अधिक सरकारी संस्थांना उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांचा यात लाभ आहे, आणि आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु पेडण्यात किंवा काणकोणात एकट्याने दवाखाना चालविणारा डॉक्टर या यादीत नाही. खाजगी महाविद्यालयातील विद्यार्थी नाही. आपल्या मुलीला जडलेल्या दुर्मीळ व्याधीविषयी वाचू इच्छिणारा शिक्षक बाप तर नाहीच नाही. आडवाटेने हे निबंध फुकट पुरविणारे 'साय-हब' हे संकेतस्थळ प्रकाशकांच्या दाव्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने तो आदेश समजण्यासारखा आहे, आणि चोरवाटेचे समर्थन आम्ही करणार नाही. तथापि राजमार्गाला कुलूप घालून चोरवाटही बुजविली, तर वाटसरूने जावे कोठून, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे. सहा हजार कोटींनी कुलूप तीन वर्षांपुरते भाड्याने उघडून घेतले. किल्ली आपली झाली नाही.

किल्ली आपल्या हाती ठेवणे शक्य असते, हे याच देशातील एका डॉक्टराने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केलेले आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापात मिसळून पुड्या बांधविल्या, आणि पाण्यात कालवून ते पाणी रोग्यांना त्यांच्याच नातलगांकरवी पाजविले. तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांनी पेटंट घेतले नाही. कृती पत्रकांवर छापली गेली, गुप्त बांगला नभोवाणी केंद्रावरून सांगितली गेली. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने १९७८ मध्ये या उपचाराच्या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. १९८०च्या दशकात बांगलादेशात स्वयंसेविका एक कोटीहून अधिक घरांत जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांची ती कृती आयांना शिकवून आल्या. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाले.

अग्रलेखात कृती देण्याचा आमचा प्रघात नाही. पण आज तो मोडतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ नीट विरघळवावे, आणि जुलाब होणाऱ्या मुलास घोट-घोट पाजत राहावे. मापात फरक करू नये. मीठ अधिक झाले तर अपाय होतो. दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मिळत असेल तर ती अधिक चांगली. मूल गुंगीत जाऊ लागले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र क्षणाचा विलंब न लावता इस्पितळ गाठावे. हे आम्ही येथे छापले म्हणून त्याचा गुण गेला काय? उलट, जे ज्ञान उघड असते त्याचे सोंगही ओळखता येते. साखरेचे गोड पेय 'ओआरएस' या नावाने खोक्यांतून विकले जात होते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने सुमारे आठ वर्षे लोकांपुढे आणि न्यायालयापुढे ते मांडले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरण्यास बंदी घातली. सूत्र जगजाहीर होते, म्हणून खऱ्या-खोट्याची पारख झाली.

कोविडच्या काळात तर मोकळ्या ज्ञानाचे बळ आणि त्याचा धोका, दोन्ही आपण अनुभवले. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायचे प्राध्यापक झांग योंगझेन यांच्या चमूने त्या विषाणूची जनुकीय संहिता साऱ्या जगासाठी खुली केली. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. पण संहिता तोवर बाहेर पडली होती, आणि १६ मार्चला अमेरिकेत पहिल्या लसीची माणसावर चाचणी सुरू झाली. मोठ्या प्रकाशकांनीही कोविडविषयक निबंधांवरील कुलपे त्या काळात काढली. आमचा साधा प्रश्न असा, की जे कोविडसाठी करता आले ते क्षयासाठी का करता येऊ नये? २०२३ या एका वर्षात क्षयाने या देशात तीन लाखांहून अधिक बळी घेतले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. श्रीमंत देशांना धास्ती वाटली तेवढीच साथ साथ होय काय?

आता दुसरी बाजू. ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण तिचा अनुभव आपण घरातच घेतलेला आहे. १० मे २०२१ रोजी, गोव्यात कोविडने कहर मांडला असताना, राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील प्रत्येकाला प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याची घोषणा केली. परदेशांतील अभ्यासांचा दाखला त्यासाठी देण्यात आला. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञांनी अशा वापराविरुद्ध जाहीर सल्ला दिला. त्या औषधाची महती गाणारा आणि जगभर फिरलेला एक इजिप्शियन निबंध तज्ज्ञांच्या तपासणीवाचूनच प्रसृत झाला होता. लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यातील आकडे पडताळून दोष दाखविले, आणि जुलै २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला. सप्टेंबरमध्ये आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीतूनही ते औषध वगळले गेले. म्हणजे उघड झालेले सारेच ज्ञान नसते. त्यात कचराही असतो, आणि भेदरलेला माणूस कचऱ्यालाही मिठी मारतो.

म्हणून ज्ञान पुन्हा कुलुपात घालावे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, कुलुपातही कचरा असतो, फक्त तो दिसत नाही. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'सारख्या मातबर नियतकालिकाने सुमारे ९६,००० रोग्यांच्या माहितीवर आधारलेला म्हणून एक निबंध छापला. त्याच्या आधाराने जागतिक चाचणीतील एका औषधाचा वापर थांबविला गेला. मूळ माहिती दाखवा, अशी मागणी झाली तेव्हा ती पुरविणाऱ्या कंपनीने नकार दिला, आणि पंधरवड्याच्या आतच, ४ जूनला, निबंध मागे घ्यावा लागला. दोन्ही प्रकरणांत खोटे पकडले गेले ते मूळ आकडे मागणाऱ्या आणि तपासणाऱ्या त्रयस्थांमुळे. तेव्हा उपाय ज्ञान झाकण्याचा नसून त्याबरोबर त्याचे पुरावेही उघड करण्याचा आहे. गोव्यात २०२१ च्या त्या घोषणेबरोबर तिचा शास्त्रीय आधार तपशिलाने जनतेपुढे ठेवला गेला असता, तर बांबोळीच्याच प्राध्यापकांना त्यावर बोलता आले असते.

राहिला भाषेचा उंबरठा. माकडतापाचेच पाहा. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. गोचिडांमार्फत तो पसरतो आणि माकडे मरू लागणे ही त्याची पूर्वसूचना असते. २०१५ मध्ये तो आपल्या सत्तरीत पोहोचला, २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात. काजूच्या हंगामात रानात बोंडू वेचणारी माणसे त्याला बळी पडतात, यावर विद्वत्तापूर्ण निबंध झाले आहेत आणि त्यांतील काही कोणालाही फुकट वाचता येतात. पण वाचणार कोण? सत्तरीच्या ज्या बाईने जानेवारी ते मे रानात काढावयाचे, तिच्यापर्यंत इंग्रजी निबंध फुकट असून पोहोचत नाही. अंगभर कपडे घाला, गोचीड दूर ठेवणारे तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करा, रानातला पाचोळा घरी आणू नका, मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, ही पाच वाक्ये तिला तिच्या बोलीत, हंगाम सुरू होण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमा गोचिडाला ठाऊक नाहीत; तिन्ही राज्यांच्या आरोग्यखात्यांनी आपापल्या भागातील माकडांच्या मरणाची वार्ता त्याच दिवशी परस्परांना आणि जनतेला देण्यास कोणती अडचण आहे?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सरकारी पैशाने झालेले वैद्यकीय संशोधन प्रसिद्ध होताच कोणाही नागरिकास विनामूल्य वाचता आले पाहिजे, अशी अट केंद्राने अनुदानातच घालावी. अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानाला २००८ मध्ये, प्रसिद्धीनंतर बारा महिन्यांच्या आत निबंध सर्वांना खुला करण्याची अट जोडली, तेव्हा तेथील प्रकाशन व्यवसाय बुडाला नाही. वर्गणीची योजना पुढे चालवावयाची झाल्यास तीत खाजगी डॉक्टर आणि सार्वजनिक वाचनालये यांचा समावेश करावा. राज्य सरकारने आरोग्यविषयक प्रत्येक मोठ्या निर्णयाबरोबर त्याचा शास्त्रीय आधार जाहीर करावा. आणि १८४२ पासूनची वैद्यकशिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाने, इथे होणाऱ्या रोगांविषयी मराठीत आणि कोकणीत, तज्ज्ञांनी तपासलेली माहिती नियमाने प्रसिद्ध करण्याचे काम अंगावर घ्यावे. ज्या पोकळीत तज्ज्ञ बोलत नाही ती पोकळी भोंदू भरून काढतो, आणि आता तर तो घरोघरीच्या भ्रमणध्वनीवर येऊन बसलेला आहे.

वाचून प्रत्येकजण डॉक्टर होईल, असा भ्रम आम्हाला नाही. निदान आणि उपचार हे शिकलेल्या हातांचेच काम आहे, आणि अर्धवट वाचून स्वतःवर प्रयोग करणाऱ्याचे आम्ही कौतुक करणार नाही. परंतु आपल्या देहाला काय झाले आहे, हे समजून घेण्याचा माणसाचा अधिकार कोणा प्रकाशकाच्या वर्गणीवर किंवा इंग्रजी येण्यावर अवलंबून राहता कामा नये. ओर्ताने ते छापले, रंगभट-विनायक पंडितांनी आपल्या सहीनिशी ते सांगितले, महालनबीसांनी ते नभोवाणीवर जाऊ दिले. त्यांच्या औषधांचा गुण सांगितल्याने गेला नाही. आपल्या रानात मात्र न सांगितलेल्या कित्येक झाडांचा गुण झाडावरच राहून गेला आहे.